चांगले हॉटेल कोणते?

हुडकेश्वर रस्त्याने म्हाळगीनगर चौकातून पिपळ्याच्या दिशेने निघाले की दोन्ही अंगांना खाण्यापिण्याची दुकाने दिसतात. सकाळी तर्री-पोह्याचे ठेले, दुपारी थाळीची भोजनालये, संध्याकाळी सावजीच्या पाट्या आणि रात्री ‘फॅमिली रेस्टॉरंट’चे रंगीत दिवे. पूर्वी हे शेतीभातीचे गाव होते. पुढे ले-आऊट पडले, नोकरदार कुटुंबे राहायला आली, आणि २०१३ साली हुडकेश्वर-नरसाळा नागपूर महानगरपालिकेच्या हद्दीत आले. नवराबायको दोघेही कामावर जाणारे असले की आठवड्यातून एकदोनदा बाहेर जेवणे ओघाने आलेच. त्यात गैर असे काही नाही. बाहेर खाणे ही आता चैन राहिलेली नसून संसाराची सोय झाली आहे.

मात्र एक गोष्ट माझ्या लक्षात येत आली आहे. ‘ते हॉटेल कसे आहे हो?’ असे कोणालाही विचारा. उत्तर ठरलेले असते. ‘चव फर्मास आहे, भाजी भरपूर देतात, वेटर पटकन येतो आणि दर परवडतात.’ हल्ली मोबाईलवर हॉटेलांना तारे देण्याची पद्धत आहे, तिथेही हाच मजकूर असतो. चहा कोमट आला म्हणून एक तारा कमी, वेटर हसून बोलला म्हणून एक जास्त. हात धुण्याच्या बेसिनवर साबण होता की नव्हता, पाणी कुठून भरले होते, टेबल पुसण्याचे फडके कोणत्या रंगाचे होते आणि पाण्याचे चार ग्लास आणताना वेटरची बोटे ग्लासाच्या बाहेर होती की आत, हे मात्र कोणी लिहीत नाही आणि सांगतही नाही.

माझे स्पष्ट मत असे आहे, की ग्राहक म्हणून आपण ज्या मापाने हॉटेल मोजतो ते मापच सदोष आहे. ज्या गोष्टींमुळे आजार टळतो त्या या मापात बसतच नाहीत. उलट जो मालक त्यांच्यावर पैसा खर्च करतो, तो ‘महाग’ आणि ‘स्लो’ ठरून मागे पडतो. याचा दोष एकट्या हॉटेलवाल्याचा नाही. गिऱ्हाईक मागेल तेच दुकानदार ठेवतो.

बिल दिले म्हणजे अनुभव संपला असे नाही

पावसाळ्यात जुलाब-उलट्यांचा रुग्ण आला की मी विचारतो, ‘बाहेर कुठे खाल्ले होते काय?’ रुग्ण बेधडक आदल्या दिवशीच्या हॉटेलचे नाव घेतो. पुष्कळदा ते हॉटेल बिचारे निर्दोष असते. जंतूंचे वेळापत्रक आपल्या स्मरणशक्तीच्या सोयीने चालत नाही.

हाताळलेल्या आणि मग उघड्यावर राहिलेल्या मलईत किंवा खव्याच्या मिठाईत स्टॅफिलोकोकस जंतूंचे विष तयार झाले असेल, तर १ ते ६ तासांत उलट्या सुरू होतात. सकाळी शिजवून दिवसभर तसाच ठेवलेला आणि रात्री ‘फ्राईड राईस’ म्हणून परतलेला भातही असाच त्रास देतो. त्यातले विष परतल्याने नष्ट होत नाही. साल्मोनेला गटातले जंतू ६ तासांपासून ३ दिवसांपर्यंत वेळ घेतात. इथवर निदान तर्क तरी करता येतो. टायफॉईडचा ताप मात्र दूषित अन्नपाणी पोटात गेल्यापासून १ ते ३ आठवड्यांनी चढतो. ‘अ’ प्रकारची कावीळ २ ते ७ आठवड्यांनी, तर ‘ई’ प्रकारची २ ते १० आठवड्यांनी दिसते. म्हणजे दिवाळीत डोळे पिवळे झाले तर त्याचे मूळ नवरात्रातल्या एखाद्या जेवणात असू शकते. तोवर त्या हॉटेलला आपण पाच तारे देऊन मोकळे झालेले असतो!

पोटाचा आजार म्हणजे दोन दिवसांची कटकट, असेही समजू नये. जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्त्यावर आणि नांदेड गावाच्या परिसरात गिलेन-बारे या आजाराची साथ आली. हातापायांतली शक्ती जाते, काहींना श्वासासाठी यंत्राचा आधार लागतो, असा हा आजार आहे. त्या साथीत रुग्णांची संख्या दोनशेवर गेली. काही रुग्णांच्या शौचाच्या तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर हा जंतू सापडला. हा जंतू दूषित पाणी आणि अर्धवट शिजलेले मांस यांतून पोटात जातो. जुलाब थांबल्यावर शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच मज्जातंतूंवर उलटते आणि मग लकवा येतो. असे क्वचित होते हे खरे, पण पाण्याकडे दुर्लक्ष केल्याची किंमत कुठवर जाऊ शकते हे त्यावरून कळते.

तिखटाने जंतू मरत नाहीत

आपल्या नागपूरकडे एक समज पक्का आहे, की सावजीचा रस्सा इतका जहाल असतो की त्यात जंतू टिकणारच नाहीत. हा समज सोडून द्यावा. मिरचीने जंतू मरत नाहीत, ते उष्णतेने मरतात. खळखळ उकळलेला रस्सा वाफा निघत असताना ताटात पडला तर तो पुष्कळ सुरक्षित, मग तो तिखट असो वा अगोड. तोच रस्सा दुपारी उकळून संध्याकाळपर्यंत कोमट राहिला तर त्यात जंतूंची शेती होते. पदार्थ ६० अंशांच्या वर गरम किंवा ५ अंशांच्या खाली थंड ठेवावा, मधल्या पट्ट्यात जंतू वाढतात, हा साधा नियम आहे. नागपूरच्या मे महिन्यात भटारखान्यातली हवाच चाळिशीच्या पुढे असते, तिथे तासदोन तासही धोक्याचे. तिखटाचा एक तोटा मात्र आहे. त्यामुळे शिळेपणाचा वास आणि जळक्या तेलाची चव दोन्ही झाकली जातात.

त्यामुळे सावजीच्या जेवणात मला काळजी वाटते ती रश्श्याची कमी आणि त्यासोबत येणाऱ्या गोष्टींची जास्त. चिरून ठेवलेला कांदा, लिंबाच्या फोडी, वरून भुरभुरलेला न धुतलेला सांभार, चटणी, मठ्ठा आणि पाणी. यांतले काहीच चुलीवर चढत नाही. त्यांची शुद्धता सर्वस्वी दोन गोष्टींवर अवलंबून असते, पाणी आणि हात.

पाण्याविषयी दोन गैरसमज आहेत. पहिला असा, की थंडगार पाणी म्हणजे शुद्ध पाणी. सील नसलेल्या कॅनमधले ‘चिल्ड’ पाणी गार असते इतकेच, ते कुठे भरले याची ग्वाही गारवा देत नाही. आपल्या भागात वर्षानुवर्षे विहीर, बोअरवेल आणि टँकर यांवर दिवस काढलेले आहेत. पाणी स्वच्छ दिसणे आणि स्वच्छ असणे यांतला फरक इथल्या लोकांना वेगळा सांगायला नको. दुसरा गैरसमज बर्फाचा. गोठल्याने जंतू मरत नाहीत, ते झोपतात आणि सरबतात पुन्हा जागे होतात. खाण्याचा बर्फ आणि मासळी वगैरे टिकवण्याचा बर्फ ओळखू यावा म्हणून २०१८ साली महाराष्ट्रात न खाण्याच्या बर्फाला निळसर रंग देण्याचा नियम झाला. लस्सी किंवा उसाच्या रसात निळसर खडा दिसला तर तो ग्लास तिथेच ठेवून उठावे.

तेलाबाबतही नियम आहे. तेच तेल पुन्हा पुन्हा तापवले की त्यात घातक घटक वाढतात. असे ध्रुवीय घटक २५ टक्क्यांवर गेले की ते तेल खाण्यासाठी वापरायचे नाही, असा नियम १ जुलै २०१८ पासून देशभर लागू आहे. आपल्याजवळ ते मोजायचे यंत्र नाही, पण डोळे आणि नाक आहे. कढईतले तेल काळपट, दाट आणि फेसाळ दिसत असेल, मंद आचेवरही धूर निघत असेल, आलुबोंडा खाताना घशात खवखव होत असेल, तर समजावे.

ताप अंगावर काढणारा पोट्टा

आता ज्या मुद्द्यासाठी हा लेख लिहायला घेतला त्याकडे येतो.

पावसाळ्यात माझ्याकडे जी हॉटेलातली पोरे येतात त्यांची एकच विनंती असते. सहा दिवसांचा ताप, जीभ पांढरी, पोटात दुखणे, आणि तोंडी वाक्य, ‘डॉक्टरसाहेब, चिठ्ठीवर आराम नका लिहू. रोजी बुडते अन् मालक दुसरा पोट्टा ठेवते.’ रक्ततपासणीत टायफॉईड निघतो. या सहा दिवसांत तो कामावर होताच. त्याने किती ग्लास भरले आणि किती कांदे चिरले, याचा हिशेब कोणी ठेवलेला नसतो. त्याला आपण बेजबाबदार म्हणू शकत नाही. आराम केला तर त्याच्या घरची चूल पेटत नाही.

या बाबतीत कायदा नाही असे मुळीच नाही. अन्न सुरक्षा आणि मानके कायदा २००६ चा. त्याखालील २०११ च्या नियमांत स्पष्ट म्हटले आहे, की अन्न हाताळणाऱ्या प्रत्येक माणसाची वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी व्हावी, त्याला टायफॉईड गटातल्या आजारांची लस टोचलेली असावी आणि आजारी माणसाला अन्नाजवळ येऊ देऊ नये. तपासणीच्या दाखल्याचा नमुनाही ठरलेला आहे. त्यात शारीरिक तपासणी, डोळे, त्वचा, लसीकरण आणि शंका आल्यास संसर्गजन्य रोगाची चाचणी, असे पाच मुद्दे आहेत. पण व्यवहारात काय घडते? दवाखान्यात एक माणूस येतो. त्याच्या पिशवीत दहा छापील दाखले आणि दहा छायाचित्रे असतात, ज्यांची तपासणी करायची ती माणसे मात्र नसतात. ‘सही करून द्या, लायसनला लावायचे आहे.’ मी नकार देतो, माणूस समोर आणा म्हणतो. काही जण खरेच आणतात. काही जण नाराज होऊन दुसरीकडे जातात.

टायफॉईडच्या बाबतीत आणखी एक गोम आहे. बरे झाल्यावरही काही थोड्या लोकांच्या पित्ताशयात हे जंतू घर करून राहतात. त्यांना स्वतःला काही त्रास नसतो, पण शौचावाटे जंतू बाहेर पडत राहतात आणि हात नीट धुतले नाहीत तर ते अन्नात उतरतात. वैद्यकशास्त्रात याचे गाजलेले उदाहरण म्हणजे न्यूयॉर्कची स्वयंपाकीण मेरी मॅलन. ती जिथे स्वयंपाकाला राही त्या घरांत टायफॉईड निघे. १९०७ साली तिला पकडून एका बेटावर एकांतात ठेवले. पुन्हा स्वयंपाकाचे काम करणार नाही या अटीवर १९१० साली सोडले. ती धुणावळीचे काम करू लागली, पण त्यात पैसे कमी मिळत. अखेर नाव बदलून ती पुन्हा स्वयंपाकघरात शिरली. १९१५ साली एका प्रसूतिगृहात २५ जणांना टायफॉईड झाला, दोघे दगावले आणि मेरी सापडली. १९३८ साली मृत्यू येईपर्यंत ती त्या बेटावरच होती. ही गोष्ट सांगताना मेरीला खलनायिका केले जाते. मला तिच्यात वेगळा धडा दिसतो. तिला काम सोडायला सांगितले, पण तिच्या पोटाची सोय कोणी लावली नाही. आपल्या भटारखान्यातल्या पोट्ट्याचे आज नेमके तेच आहे.

आणि हा प्रश्न केवळ आपल्या गरीब देशाचा आहे असेही नाही. अमेरिकेच्या रोगनियंत्रण संस्थेने २०१७ ते २०१९ या काळातल्या हॉटेलांतील सुमारे ८०० साथींचा अभ्यास २०२३ साली प्रसिद्ध केला. ज्या साथींचे कारण सापडले त्यांपैकी सुमारे ४० टक्के साथींत आजारी कर्मचाऱ्याकडून अन्न दूषित झाल्याचे आढळले. चकचकीत ओटे, गरम पाण्याचे नळ, हातमोजे सगळे असूनही! आजारी माणूस कामावर राहिला तर बाकीची स्वच्छता अपुरी पडते.

खर्च किती येतो?

यावर हॉटेलमालक म्हणतील, ‘डॉक्टर, तुमचे बोलणे सोपे आहे. भाडे, गॅस, भाजीचे भाव, घरपोच देणाऱ्या कंपन्यांचे कमिशन, यातून उरते काय? वर बसल्या पगाराची सुट्टी कुठून देऊ?’ ही अडचण खोटी नाही. गल्ल्यावर बसणारा माणूसही दिवसाचे चौदा तास राबतो, हे मी पाहतो. तरी एकदा हिशेब करू या. एका भोजनालयात आठ माणसे आहेत असे धरू. प्रत्येकाला आजारपणाची वर्षाला सहा दिवस पगारी सुट्टी दिली तर ४८ रोज्या होतात. रोजी ५०० रुपये धरली तर वर्षाचे २४,००० रुपये. रोज १०० थाळ्या आणि वर्षाचे ३०० दिवस धरले तर ३०,००० थाळ्या. म्हणजे थाळीमागे ८० पैसे! आकडे ज्याने त्याने आपल्या धंद्याप्रमाणे बदलून पाहावेत, उत्तर रुपया-दोन रुपयांच्या आसपासच फिरेल. टायफॉईडची लस तर एकदा टोचली की काही वर्षे संरक्षण देते. याउलट टायफॉईडने एक माणूस दवाखान्यात भरती झाला तर त्या घराचा महिन्याचा पगार जातो.

हे ८० पैसे मालकाने द्यायचे की गिऱ्हाईकाने? माझ्या मते गिऱ्हाईकाने आनंदाने द्यावेत, पण विचारून द्यावेत.

ग्राहकाने काय करावे?

हॉटेलात शिरल्यावर मेनूकार्ड मागवण्याआधी बेसिनकडे जावे. साबण आणि वाहते पाणी असेल तर अर्धी परीक्षा झाली. आपल्याला हात धुवायला साबण नाही, तर आतल्या माणसाला असेल कशावरून? टेबल पुसायच्या फडक्याचा वास येत असेल तर तेच फडके आपल्या ताटावरूनही फिरले असेल असे समजावे. दर्शनी भागात अन्न सुरक्षा परवान्याचा १४ आकडी क्रमांक लावलेला असावा लागतो, आणि २०२२ सालापासून तो बिलावरही छापणे सक्तीचे आहे. स्वयंपाकघर पाहायला मिळेल का, असे सरळ विचारावे. गुजरातमध्ये २०१९ साली ‘परवानगीशिवाय आत येऊ नये’ या भटारखान्यावरच्या पाट्या काढायला लावल्या होत्या. आपल्याकडे सरकारी हुकमाची वाट कशाला पाहायची? स्वच्छ असेल तो मालक स्वतःच दार उघडून दाखवील.

पावसाळ्यात कच्चा कांदा, चिरलेली काकडी, उघडी चटणी आणि बर्फ टाळावा, गरम पदार्थ वाफाळताच घ्यावेत. काही वावगे आढळले तर वेटरवर ओरडू नये. तो त्या साखळीतला सर्वांत दुबळा दुवा आहे. गल्ल्यावर जाऊन शांतपणे सांगावे. ऐकले नाही तर अन्न व औषध प्रशासनाच्या १८००-२२२-३६५ या निःशुल्क क्रमांकावर तक्रार करावी. बिल मात्र जपून ठेवावे.

जुलाब-उलट्या लागल्याच तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट लहान चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून घोट घोट पीत राहावे. शौचातून रक्त पडणे, जोराचा ताप, सहा-आठ तास लघवी न होणे, हातापायांत मुंग्या किंवा अशक्तपणा, यांपैकी काही दिसले तर घरगुती उपायांत वेळ घालवू नये. गरोदर स्त्रीला कावीळ झाली तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा, ‘ई’ प्रकारची कावीळ तिच्या जिवावर बेतू शकते.

आणि शेवटची, पण माझ्या लेखी सर्वांत महत्त्वाची गोष्ट. बिल देताना गल्ल्यावर एक प्रश्न विचारत जा, ‘मालक, तुमचा माणूस आजारी पडला तर त्याला पगारी सुट्टी देता काय?’ एकाने विचारले तर मालक हसेल. दहा जणांनी विचारले तर विचारात पडेल. शंभरांनी विचारले तर ‘आमच्याकडे आजारी कर्मचाऱ्याला पगारी रजा आहे’ अशी पाटी दर्शनी भागात लावील, जशी आज ‘शुद्ध तेल वापरतो’ अशी लावतो. ज्या हॉटेलात ही पाटी खरी असेल, ते हॉटेल चांगले. तिथली भाजी थोडी अळणी लागली तरी चालेल.